देव काय बोललो?

अवसर उतरला की तात्या आधी पाणी मागायचे आणि मग विचारायचे, "देव काय बोललो रे?"

देवळाच्या मागच्या पडवीत त्यांना आणून बसवलेलं असायचं. उघड्या पाठीवरून घामाचे ओघळ, कपाळाची पिंजर नाकाच्या शेंड्यापर्यंत आलेली. काकी पदराने वारा घालत असायची. दहा मिनिटांपूर्वी ह्याच गळ्यातून आलेल्या आवाजापुढे अख्खा गाव हात जोडून उभा होता. आता तोच गळा तांब्याभर पाणी एका दमात संपवून चौकशी करायचा, तीही अशा सुरात, की सोसायटीच्या मीटिंगला आपण हजर नव्हतो, तर काय काय ठरलं ते सांगा.

कुणीतरी सांगायचं, "देवळाच्या कौलांचा काय ता बघा म्हणालो. आणि वरच्या वाडयेक रागावलो."

"रागावलो? बरा केल्यान," तात्या म्हणायचे, आणि चहा मागायचे.

घाटावरच्या वाचकांना थोडं सांगायला हवं. सिंधुदुर्गात आणि खाली गोव्यात, पेडणे-मांद्र्याकडे, गावाचा कारभार जसा ग्रामपंचायत बघते तसा तो देवही बघतो. ह्या दुसऱ्या कारभाराला देवस्की म्हणतात. सातेरी ही वारुळाच्या रूपातली गावची आई, रवळनाथ हा राखणारा. मानकरी ठरलेले, गुरव-घाडी ठरलेले, ढोल कुणी वाजवायचा तेही पिढ्यांपासून ठरलेलं. दसऱ्याला देवांची तरंगं बाहेर पडतात. तरंग म्हणजे उंच लाकडी खांब, त्याला लुगड्यांवर लुगडी नेसवलेली आणि माथ्यावर देवाची निशाणी. एकदा नेसवून झालं की त्याला खांब म्हणायची कुणाची छाती होत नाही. ते तरंग ज्याच्या हातात, त्याच्या अंगात देव येतो. त्यालाच अवसर म्हणायचं. आमच्याकडे 'अंगात आलं' म्हटलेलं जुन्या माणसांना आवडत नाही. अंगात काय, कुणाच्याही येतं. अवसर मानाने येतो, ठरल्या दिवशी, ठरल्या माणसाला.

रवळनाथाच्या तरंगाचा मान आमच्या घराण्याकडे. तात्या हे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. ते 1972 साली मुंबईत गेले आणि परळच्या एका गिरणीत साचेखात्यात बदली कामगार म्हणून लागले. तेव्हा त्यांचे वडील तरंग धरत. आपल्याला यातलं काही नको, असं तात्या गिरणगावातल्या खोलीवर सर्वांना सांगत. मग जानेवारी 1982 मध्ये डॉक्टर दत्ता सामंतांच्या पुढारपणाखाली संप झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि गिरणी पुन्हा त्यांच्यासाठी सुरू झालीच नाही. ते गावी परतले, दोन वर्षांनी वडील गेले आणि त्या दसऱ्याला तरंग त्यांच्या हातात आलं. गावात सगळे म्हणत, देवाने बोलावून घेतलं. तात्या म्हणत, "देवान नाय, डॉक्टर सामंतांनी धाडल्यानी."

तरंग धरायच्या आदल्या महिन्यात त्यांना ताप येत होता. औषधाने उतरायचा, पुन्हा चढायचा, खाल्लेलं अंगी लागायचं नाही. हे मला काकीने सांगितलं, अगदी सहज, भात निवडता निवडता. बऱ्याच वर्षांनी मी सायबेरियातल्या लोकांविषयी वाचलं. त्यात असं होतं की ज्याला हे काम लागायचं असतं तो आधी आजारी पडतो, नाही म्हणत राहतो तोवर बरा होत नाही, आणि अखेर ढोल हातात घेतो तेव्हाच उठून बसतो. काकीचा भात निवडणारा हात मला तिथे, त्या पानावर दिसला.

अशा माणसाला तिकडे 'शामान' म्हणतात. हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मी तो 'शमन' असाच वाचला होता. पापाचं शमन, तहानेचं शमन. वाटलं, आपलाच शब्द असणार. शब्द मुळात एवेंकी लोकांचा, बैकल सरोवराच्या पलीकडच्या रानात रेनडिअर पाळणाऱ्यांचा. गंमत म्हणजे काही अभ्यासकांनी त्याचं मूळ आपल्या 'श्रमण' शब्दात शोधलं आहे. बौद्ध भिक्षूंबरोबर तो शब्द मध्य आशियातून वर वर सरकत गेला असेल, असा त्यांचा तर्क. सगळ्यांना तो पटलेला नाही. मलाही पटला असं नाही, पण संन्याशाचा शब्द चालत चालत बर्फात जाऊन ढोल वाजवायला लागला, ही कल्पना सोडवत नाही.

युरोपाला हा शब्द रशियनांनी दिला. त्यात एक मजेदार साक्षीदार आहे. अव्वाकूम नावाचा एक कडवा धर्मगुरू 17व्या शतकात सायबेरियात हद्दपार झाला होता. तिथला अधिकारी पाश्कोव आपल्या मुलाला मंगोलांच्या मुलखात स्वारीवर धाडत होता. निघण्यापूर्वी त्याने एका शामानाला बोलावून विचारलं, मोहीम फत्ते होईल का? शामानाने मेंढा मारला, उड्या मारल्या, जमिनीवर कोसळला, तोंडाला फेस आला आणि त्याने सांगितलं, मोठा विजय मिळवून परत याल. हे पाहून अव्वाकूम इतका पेटला, की तिकडे गोठ्यात जाऊन त्याने देवाला साकडं घातलं: ह्यांतला एकही परत येऊ देऊ नकोस. सैन्य खरंच कापलं गेलं. पाश्कोवचा मुलगा कसाबसा परतला. अव्वाकूमने हे सगळं पुढे आत्मचरित्रात लिहून ठेवलं.

मला यात शामानापेक्षा अव्वाकूमचं नवल वाटतं. शेजारी दुसऱ्या कुणाच्या अंगात देव बोलतोय हे सहन न होऊन गोठ्यात शिरलेला हा माणूस! आणि लिहिलं ते त्याने. ज्याच्या तोंडाला फेस आला त्याचं नावसुद्धा आपल्यापर्यंत पोचत नाही. माझंही तसंच. मी खांबाआडून बघणारा.

अभ्यासक एक फरक सांगतात आणि तो मला उपयोगी वाटतो. तिकडचा शामान स्वतः जातो. ढोल हा त्याचा घोडा. सायबेरियाच्या दक्षिणेला, अल्ताई डोंगरांकडे तर ज्या जनावराचं कातडं ढोलाला लावलंय त्याला आधी जागं करतात, मग त्यावर बसून वरच्या किंवा खालच्या जगात फेरी. हरवलेला जीव शोधून आणायचा, रुसलेल्याला समजवायचं. आमच्याकडे माणूस कुठे जात नाही, देवच खाली येतो. त्याला जागा हवी म्हणून घरच्या मालकाने बाहेर पडायचं. मग तो मालक तेवढ्या वेळात जातो कुठे, हा प्रश्न मला लहानपणी फार छळायचा. तात्यांना विचारलं तर म्हणाले, "झोपेत तू खय जातंस?"

झोपेसारखं मात्र ते दिसत नसे. आम्ही पोरं सभामंडपाच्या खांबाला चिकटून उभी असायचो आणि आमची नजर फक्त तात्यांच्या डाव्या अंगठ्यावर असायची. ढोलाचा ठेका आधी संथ, चालीचा असतो. घाडी गाऱ्हाणं घालतो, "बा देवा म्हाराजा, आज जी काय तुझ्या लेकरांनी सेवा केलेली आसा, ती मान्य करून घे रे म्हाराजा," आणि गाव एका सुरात "होय म्हाराजा" म्हणतो. मग ताशा आत शिरतो. तात्यांचे दोन्ही हात तरंगाला घट्ट, डोळे उघडे पण कुठेच न बघणारे. आणि लुगड्याच्या लाल काठावर तो अंगठा थरथरायला लागायचा. एकटाच. बाकीचा हात दगडासारखा. अंगठ्याचं मनगटाला कळायचं, मनगटाचं कोपराला, मग खांदा, मग छातीतून 'हुं, हुं' असा आवाज, आणि एका हिसक्यासरशी तरंग तोल गेल्यासारखं पुढे यायचं. सगळ्यात आधी ज्याला अंगठा दिसला त्याला बाकीच्यांनी पाच-पाच काजूबिया द्यायच्या, असं आमचं ठरलेलं. माझ्या सदऱ्याच्या खिशांना काजूच्या तेलाचे डाग असत, ते त्यापायी.

त्यानंतर जे चालायचं ते फार गूढबिढ नव्हतं. कुणाच्या बांधाचा दगड सरकलाय, कुणाचा मुलगा कुवेतला गेलाय आणि पत्र नाही, कुणाची गाभण म्हैस आटलीय. देव एकेकाला उत्तर द्यायचा, लेकरा म्हणायचा, मधूनच कडाडायचा, अंगारा लावायचा. मानकरी चक्क वाद घालायचे. "देवा, गेल्या सालाक तू सांगितलंस तसा केला, तरी माकडांनी माड ठेवल्यानी नाय." देव म्हणायचा, शेवटचं काम तुम्ही अर्धंच केलंत. मानकरी म्हणायचे, पैसे कमी पडले. हे सगळं देव आणि गाव यांच्यात, ढोलाच्या आवाजावर ओरडून. एवढं करून देवाचा शब्द हा शेवटचा शब्द नसायचाच. दोन दिवसांनी गुरव पाषाणाला कळे लावायचा, फुलाच्या ओल्या कळ्या. उजवीकडची पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. अवसरात सांगितलेलं कौलाने ताडून बघायचं. माणसाच्या तोंडून आलेलं म्हटल्यावर त्यात माणसाचं काही मिसळलं असणार, हे गावाने गृहीत धरलेलं होतं. हल्ली टीव्हीवर पांढऱ्या सोफ्यावर बसून हजारोंच्या अडचणी सोडवणारे महाराज दिसतात. त्यांच्यावर कळे लावून बघायची सोय नाही.

पण मला गोड चित्र काढायचं नाही. 1994चा पावसाळा. वरच्या वाडीत एक पाच वर्षांचा मुलगा तापाने गेला, आणि त्याच पंधरवड्यात त्यांच्या दोन म्हशी. कुणीतरी लांबून एक देवऋषी आणला. त्याने सुपात तांदूळ पाखडले, मोजले आणि सांगितलं: करणी आहे, ओढ्यापलीकडच्या घरातली, पांढऱ्या कपाळाची. ओढ्यापलीकडे एकच घर होतं. तिथे एक विधवा म्हातारी एकटी राहायची. तिच्याकडे दोन गाई. ताक ती सगळ्यांना फुकट द्यायची, आम्ही पोरं रोज तांब्या घेऊन जायचो. आजीने मला पाठवणं बंद केलं. कारण सांगितलं नाही, फक्त "आज नको" म्हणाली, आणि रोजच आज नको झालं. शाळेची वाट तिच्या अंगणावरून जायची. तिथे आलं की मी पळायला लागायचो. एकदा ती दारात उभी होती, हात वर करून काहीतरी म्हणाली आणि मी वळूनसुद्धा बघितलं नाही. ती "अरे, पडशील" म्हणाली असणार. दुसरं काय म्हणणार?

त्या दसऱ्याला अवसर आल्यावर त्या मुलाचा बाप पुढे झाला. त्याने तरंगापुढे लोटांगण घातलं, आणि तसाच पालथा पडून म्हणाला, "देवा, नाव सांग."

म्हातारी तिथेच होती. देवळाबाहेर, चाफ्याखाली बायकांपासून थोडी लांब.

देव बोलला नाही. ढोल वाजत होता. एरवी तरंग सारखं डुलत असतं, मागेपुढे होतं. ते त्या वेळी ताठ उभं राहिलं. तात्यांच्या गळ्याच्या शिरा वर आलेल्या मला दिसत होत्या, जबडा हलत होता, पण शब्द येत नव्हता. घाडीने दोनदा विनवलं. बापाने पुन्हा विचारलं, ह्या वेळी रडत. ढोलवाल्याने हात बदलला. किती वेळ गेला सांगता येत नाही, आम्ही पोरंसुद्धा कुजबुजायची थांबलो होतो. मग तात्यांचे गुडघे गेले, दोघांनी तरंग सावरलं, आणि अवसर नेहमीच्या निम्म्या वेळात उतरला. मागे कितीतरी लोक आपापले प्रश्न घेऊन तसेच उभे राहिले.

पडवीत तात्यांनी पाणी प्यायलं. "देव काय बोललो?"

"कायच नाय," काकी म्हणाली.

त्या दिवशी त्यांनी चहा मागितला नाही.

ह्याने गाव शहाणं झालं असं काही घडलं नाही. अर्धे म्हणाले, देवाला हा प्रश्नच आवडला नाही. अर्धे म्हणाले, बघा, तिला देवसुद्धा भितो. दुसऱ्या दिवशी सकाळी काकी सगळ्यांच्या देखत तांब्या घेऊन ओढा ओलांडून गेली आणि ताक घेऊन आली. तात्यांनी धाडलं की तिची तीच गेली, मला ठाऊक नाही. बाकी कुणी गेलं नाही. दोन वर्षांनी म्हातारी लेकीकडे राहायला गेली आणि तिथेच वारली.

नोकरीला लागल्यावर एकदा धीर करून मी तात्यांना विचारलं, "तेव्हा तुम्ही मुद्दाम गप्प राहिलात ना?" ते सुपारी कातरत होते. म्हणाले, "मी थय खय होतंय?" आणि सुपारीचं खांड माझ्या हातावर ठेवलं.

दाभोलकरांचा खून झाला ऑगस्ट 2013 मध्ये, आणि अठरा वर्षं रखडलेला जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर काही महिन्यांतच झाला. एखादी बाई करणी करते असं सांगून तिच्याविषयी संशय उभा करणं हा आता गुन्हा आहे. साप चावलेल्याला दवाखान्यापासून अडवून मंत्र घालत बसणं गुन्हा आहे. अंगात शक्ती संचारल्याचं भासवून लोकांना भीती घालणं हाही. मी तो मसुदा वाचला तेव्हा सुपात तांदूळ पाखडणारा तो माणूस डोळ्यांपुढे आला आणि कायदा वीस वर्षं आधी हवा होता असं वाटलं. आजही वाटतं. पण पुढच्या ओळीला तात्या आठवले, आणि 'भासवून' ह्या शब्दावर मी अडकलो. तात्या काय भासवत होते? दसऱ्यापूर्वी नऊ दिवस ते चटईवर झोपत, मासळीला शिवत नसत आणि त्या एका रात्रीचा त्यांना मिळणारा मोबदला म्हणजे एक नारळ नि पानाचा विडा. उरलेलं वर्ष ते गावात सायकली दुरुस्त करत. पंक्चरचे पैसे उधार ठेवणाऱ्यांत वरच्या वाडीचे निम्मे लोक होते. ज्याच्या तोंडून देव रागावतो त्याची उधारी तरी लोकांनी चुकती करावी!

त्या कायद्याच्या काही वर्षं आधी आमच्या गावात मानावरून भांडण झालं होतं. कोणतं तरंग आधी निघायचं आणि कुणाच्या घराण्याने, ह्यावरून प्रकरण कोर्टात गेलं, मनाई आली, देवळापुढे दसऱ्याला पोलीस बसले. सहा वर्षं तरंगं पेटीतून बाहेर निघाली नाहीत. लोक म्हणत, देव तारखेवर आहे.

सोव्हिएत राजवटीत सायबेरियातले ढोल असेच गप्प झाले होते. 1920-30च्या दशकांत शामानांचा मताचा हक्क काढला, कित्येकांना तुरुंगात टाकलं, ढोल आणि अंगरखे जप्त करून त्यांतले बरेच संग्रहालयांत नेऊन ठेवले. तुवा प्रांतात मोंगुश केनिन-लोप्सान नावाचा लेखक-अभ्यासक पुढे सोव्हिएत काळातच शामानांची गाणी, प्रार्थना जमवत राहिला आणि राजवट कोसळल्यावर त्याने किझिल शहरात संस्था उभी केली. तिचं नाव दुंगुर, म्हणजे ढोल. साठ वर्षांनी काचेच्या कपाटाबाहेर आलेलं ते कातडं पहिल्यांदा वाजवताना कसं वाजलं असेल, हे मला एकदा ऐकायला आवडलं असतं. सैल असणार. शेकावं लागलं असणार.

तात्यांची ती सहा वर्षं मी तुकड्यातुकड्यांनी पाहिली. दसऱ्याच्या संध्याकाळी ते मागच्या पडवीत बसून राहत. शेजारच्या गावाला वाद नव्हता, तिथला ढोल वाऱ्यावर ऐकू यायचा. एका वर्षी मी त्यांच्या शेजारी होतो. सवयीने माझी नजर त्यांच्या डाव्या हातावर गेली. त्यांनी तो मांडीखाली दाबून धरला होता.

मनाई उठली तेव्हा ते बासष्ट वर्षांचे होते. अवसर आला. पुढे नऊ वर्षं येत राहिला, दर वर्षी थोडा उशिरा, थोडा लवकर उतरणारा. मग गुडघ्यांनी उत्तर दिलं. त्यांचा मुलगा कतारला. मानकऱ्यांनी पाषाणाला कळे लावले, आमच्या घराण्यातल्या एकेकाचं नाव घेऊन. मला फोन आला तेव्हा मी ठाण्यात, बँकेच्या ऑडिटमध्ये होतो. चुलतभाऊ म्हणाला, "तुझो उजवो पडलो." मी म्हटलं, माझा ह्यावर विश्वास नाही. तो म्हणाला, "तुका कोणी विश्वास ठेव म्हणून सांगल्यान? धरूक ये." दसऱ्याच्या आदल्या सकाळी कोकणकन्येने कुडाळला उतरलो, परतीचं तिकीट खिशात ठेवून. नऊ दिवस मासे मात्र खाल्ले नव्हते. का, ते विचारू नका.

तरंग इतकं जड असेल असं वाटलं नव्हतं. लुगड्यांच्या घड्यांत कापराचा आणि पेटीतल्या लाकडाचा वास होता. गाऱ्हाणं झालं, गाव "होय म्हाराजा" म्हणाला आणि माझ्याही तोंडून ते निघून गेलं. ताशा सुरू झाला. खांबाला चिकटलेली पोरं माझ्या हाताकडे बघत होती. त्यांना हे कुणी शिकवलं? मी खाली बघितलं. लाल काठावर माझा डावा अंगठा हलत होता. वजनाने हलत असेल. दंडात गोळा आला होता, सकाळपासून पोटात एक केळं होतं, कारणं पुष्कळ होती.

शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत तात्या. त्यांनीही अंगठा पाहिला होता. ते पुढे वाकले.

"पाय फाकवून उभो रव," म्हणाले. "सगळा वजन हातार घेव नको. कमरेर घे."